दुसरा गाळा घेण्याआधी वहीत मांडायचं गणित

कोल्हापुरात माझं मिरची कांडप आहे. मार्च ते मे बायका ब्याडगी, संकेश्वरी घेऊन रांग लावतात आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी म्हणतंच, "ताई, एवढी गर्दी, वाढवा की आता! न वाढणारा धंदा मरतो." 2018 साली मी ते ऐकलं. दुसरा गाळा चौदा महिन्यांत बंद करावा लागला. तेव्हापासून आधी वही काढते. तुम्हीही काढा.

पहिल्या पानावर रुपये नकोत, किलो लिहा. भाव वर्षाला 4 टक्क्यांनी चढले (रिझर्व्ह बँकेचं लक्ष्यच तेवढं आहे) तरी 18 वर्षांत गल्ला दुप्पट दिसायला हवा. त्यात एक किलोही जास्त कुटलेला नसतो! एवढी वाढ मात्र करावीच लागते, आणि ती दर वाढवूनच होते. मी दर पाडव्याला पाटी बदलते. दोन रुपये वाढवायला लाजलात, तर धंदा आतून आक्रसत जातो.

मग भाडं, मजुरी, वीज. शिवाय एक डबा यंत्राच्या मोटारीचा: दर महिन्याला त्यात पैसे टाका, म्हणजे ती जळेल तेव्हा उसनवारी नको.

आता कर्जाचं पान. खरी मेख इथेच. 10 लाख, 12 टक्के, 5 वर्षं: हप्ता साधारण 22,250. मला किलोमागे 15 रुपये सुटतात. म्हणजे नुसत्या हप्त्यापायी वर्षाला 17,800 किलो जादा, 90 दिवसांच्या हंगामात रोज जवळपास 200 किलो. पेठेत तेवढी मिरची आहे का, हे बँकेनं विचारलं नाही, मीही नाही. कर्ज मोठ्यांनाही बुडवतं: जपानातली कोंगो गुमी ही बांधकाम कंपनी 578 सालापासून देवळं बांधत टिकली. जमिनीच्या व्यवहारातलं कर्ज अंगावर आलं आणि 2006 मध्ये दुसऱ्या कंपनीत गेली.

तयार तिखटाची पाकिटं विकणाऱ्यांचं वेगळं. माल वाढला की त्यांचा किलोमागचा खर्च उतरतो. जो मागे राहील त्याला दुसरा गिळतो. त्यांच्यापुरतं ते "वाढा नाहीतर मरा" खरंच आहे. म्हणून मी पाकीट विकत नाही. बाई आपली मिरची डोळ्यांदेखत कुटून नेते.

तरीही वाढवायचंच असेल, तर गाळ्याआधी तास वाढवा. एप्रिलात मी पहाटे सहाला यंत्र लावते, नंबरच्या चिठ्ठ्या देते. एवढं करूनही सलग दोन हंगाम गिऱ्हाईक परत जात असेल, तरच दुसरं यंत्र. तेही याच गाळ्यात, साठवलेल्या पैशातून. गेल्या हंगामात माझ्याकडून अकराजणी परत गेल्या. यंदाचे आकडे मेअखेर कळतील.