वेग वाढला की एन्कोडरचा आकडा गोठायचा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात, वार्पिंग मशीनवर, म्हणजे ताण्याचे (उभे) धागे बीम नावाच्या मोठ्या रुळावर गुंडाळणाऱ्या मशीनवर. ड्रमवरचा एन्कोडर मॉड्यूल (ड्रमचं फिरणं मोजणारा सेन्सर) आरएस-४८५ या दोन तारांच्या लाइनवरून, मॉडबस या ठरलेल्या भाषेत, पीएलसीला म्हणजे मशीनच्या कंट्रोलरला ताण्याची लांबी पाठवतो. मशीन सावकाश चाललं की सगळं ठीक. वेग वाढवला की कम्युनिकेशन एरर आणि आकडा जागच्या जागी. लांबी चुकली की बीमवरचं सूत वाया, म्हणून फार जीव तुटायचा.

बॉड रेट, पॅरिटी, स्लेव्ह अ‍ॅड्रेस ही कम्युनिकेशनची सेटिंग्ज सगळी जुळत होती. एन्कोडरही बदलून पाहिला. तो खर्च टाळता आला असता, हे अजून सलतं.

शेवटी पॅनलची पॉवर बंद करून लाइनच्या ए आणि बी या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला. सिग्नल टोकाला आपटून परत येऊ नये म्हणून लावायचे १२० ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर लाइनच्या फक्त दोन टोकांना असतील, तर साधारण ६० ओहम दिसायला हवेत. दिसले ४०! म्हणजे तिसरा रेझिस्टर कुठेतरी होताच. मधल्या डिस्प्लेच्या मागे टर्मिनेशनचा बारीक स्विच ऑन सापडला. तो बंद केला, मीटर ६० वर आलं.

एन्कोडरची केबल ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या युनिटच्या) मोटर केबलला चिकटून एकाच ट्रेमधून गेली होती; मोटरचा विद्युत गोंगाट सिग्नलमध्ये शिरू नये म्हणून तीही वेगळी काढली आणि तिचं शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) पॅनलकडे अर्थ केलं. रात्रपाळीत पूर्ण वेगात बीम भरला. एकही एरर नाही.