कागदी गोलाच्या खाचा घट्ट बसण्यासाठी

एकसारखे ३० तुकडे गुंतवून कागदी गोल करायचा असेल, तर सगळं काम खाचेवर असतं. दोन तुकडे जिथे छेदतात, तिथे एकाला वरून, दुसऱ्याला खालून, बरोब्बर निम्म्यापर्यंत खाच द्या. रुंदी कार्डाच्या जाडीएवढीच. अरुंद राहिली की कडा चुरगळतात. आधी जुन्या लग्नपत्रिकेच्या दोन पट्ट्यांवर बघा: उचलल्यावर सुटू नयेत, घालताना वाकू नयेत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कार्डशीट ओल धरून फुगते आणि खाचा आवळतात. म्हणून गणपतीच्या आराशीसाठी करत असाल, तर कापाल त्याच दिवशी जोडा. एका टोकाला पाच तुकडे चक्रासारखे अडकतात, अशी १२ टोकं होतात. शेवटचा तुकडा बसेपर्यंत फेव्हिकॉल लावूच नका.