गणपतीच्या कारखान्याची छायाचित्रकथा कशी करावी: लेन्सची निवड, उजेड आणि चित्रांचा क्रम

हौशी छायाचित्रकाराने नवा कॅमेरा घेतला की त्याचा पहिला प्रश्न बहुधा 'आता कोणती लेन्स घेऊ?' हाच असतो. कोणती गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना समोरच्या माणसांपासून किती अंतरावर उभे राहायचे आहे, हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून येथे एक ठिकाण निश्चित धरून सगळी पद्धत मांडली आहे. रायगड जिल्ह्यातील पेण आणि त्याच्या जवळची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. पेण हे पनवेल–रोहा लोहमार्गावरील स्थानक असल्याने मुंबईकराला एका दिवसात जाऊन येता येते. काम जवळजवळ वर्षभर चालते, परंतु रंगकाम आणि आखणी (म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटण्याचे काम) पाहायची असेल तर भाद्रपदाच्या आधीचे दोन-तीन महिने उत्तम. ज्यांना पेणला जाणे शक्य नाही त्यांनी आपल्या गावातील मूर्तिकाराकडे हेच करावे. पद्धत बदलत नाही.

आधी प्रश्न ठरवावा

'गणपतीचे कारखाने' हा विषय झाला, गोष्ट नव्हे. विषय घेऊन आत शिरणारा माणूस ओळीने मांडलेल्या पांढऱ्या मूर्ती, रंगांचे डबे आणि हसणारे कारागीर असे सर्वांनी घेतलेले फोटो घेऊन परततो. त्याऐवजी एका वाक्यात मावेल असा प्रश्न वहीत लिहावा. उदाहरणार्थ, मातीचा गोळा कोणत्या टप्प्यावर गणपती होतो? घासकाम करणारी बाई म्हणेल की सोंडेवरचा सांधा दिसेनासा झाला की झाला; रंगारी सोवळे-शेल्याचे नाव घेईल; आखणी करणारा डोळ्यांकडे बोट दाखवील; आणि घरी आणणारा यजमान प्राणप्रतिष्ठेपर्यंत थांबा म्हणेल. प्रत्येक उत्तरामागे एक माणूस, एक जागा आणि एक कृती आहे, त्यामुळे चित्रांची यादी आपोआप तयार होते. प्रश्न असा निवडावा की त्याचे उत्तर डोळ्यांना दिसेल. 'परंपरा टिकेल का?' हा प्रश्न लेखाला चांगला आहे, छायाचित्राला जड जातो.

पहिली फेरी कॅमेरा पिशवीत ठेवून करावी

कारखानदाराला भेटावे, आपण कोण आहोत, फोटो कशासाठी हवे आहेत आणि ते कोठे दिसतील हे सांगावे व परवानगी घ्यावी. हंगामाच्या तोंडावर नव्या साच्यांची चित्रे बाहेर जाऊ नयेत असे त्याला वाटले तर ते रास्तच आहे. कोणत्या मूर्ती टाळायच्या ते त्यालाच विचारावे. मालकाने होकार दिला म्हणजे कामगारांनी दिला असे नव्हे, म्हणून ज्याच्या जवळ बसायचे त्याला वेगळे विचारावे. या फेरीत तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: खिडक्या कोणत्या दिशेला आहेत, दोन मांडण्यांमधली वाट किती रुंद आहे, आणि कोणते काम कोणत्या वेळी चालते. लेन्सचा निर्णय यातल्या दुसऱ्या नोंदीवर अवलंबून असतो, आणि दुकानात उभे राहून ती नोंद कोणालाही करता येत नाही.

लेन्स निवडताना अंतर मोजावे

लेन्सचा मिमीतला आकडा म्हणजे तिची फोकल लेंथ. तो जितका मोठा, तितका दृश्याचा लहान तुकडा चौकटीत येतो. पुढील आकडे ३६ × २४ मिमी सेन्सरच्या (कॅमेऱ्यातील चित्र टिपणाऱ्या भागाच्या), म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्याचे आहेत. पाट पुढे ओढून बसलेला कारागीर आणि त्याच्यासमोरची मूर्ती, दोन्ही सुमारे दीड मीटर रुंदीच्या आडव्या चौकटीत बसवायची आहेत असे समजू. त्यासाठी २४ मिमीच्या लेन्सने साधारण एक मीटरवर, ३५ मिमीने दीड मीटरवर, ५० मिमीने दोन मीटरच्या थोडे पलीकडे आणि ८५ मिमीने साडेतीन मीटरवर उभे राहावे लागते. कारखान्यात साडेतीन मीटर मागे सरकायला गेलो तर पाठ वाळत ठेवलेल्या मूर्तींच्या फळीला लागते. व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेली ८५ मिमीची लेन्स येथे तपशिलांपुरतीच कामाला येते, याचे कारण हे इतके साधे आहे.

अंतराने चित्राचा स्वभावही बदलतो. जवळच्या वस्तू मोठ्या आणि लांबच्या लहान किती दिसाव्यात हे लेन्स ठरवत नाही, आपण कोठे उभे आहोत त्यावर ते ठरते. लेन्स त्या दृश्याचा लहान किंवा मोठा तुकडा कापून देते. २४ मिमी लावून एक मीटरच्याही आत सरकले की मूर्तीची सोंड फुगते, मुकुट लहान होतो आणि चौकटीच्या कडेला आलेल्या माणसाचे डोके अंड्यासारखे ताणले जाते. तपशील टिपण्यासाठी दुरून मोठ्या फोकल लेंथची लेन्स लावली तर मागच्या मूर्तींच्या रांगा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. गर्दी दाखवायची असेल तर ते सोयीचे, परंतु कामगार किती अरुंद जागेत बसला आहे हे त्यात हरवते. माझे मत असे की अशा कथेसाठी ३५ मिमी ही मुख्य लेन्स असावी. दीड मीटर हे अंतर बोलायला सोयीचे आहे. त्या अंतरावर आपण लपून फोटो काढू शकत नाही, त्यामुळे आधी ओळख करावीच लागते.

आपला कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान सेन्सरचा असेल तर फोकल लेंथला १.५ ने, कॅननच्या बाबतीत १.६ ने गुणावे. म्हणजे ३५ मिमीची दृष्टी हवी असेल तर २३ किंवा २४ मिमीची लेन्स लागते. अनेक कंपन्यांची सर्वांत स्वस्त प्राइम (झूम न होणारी) लेन्स ५० मिमी एफ १.८ ही असते (एफचा आकडा जितका लहान, तितके उजेड आत घेणारे छिद्र मोठे) आणि नवशिक्याला तीच सुचवली जाते, परंतु एपीएस-सीवर ती ७५ ते ८० मिमीसारखी वागते, म्हणजे कारखान्याच्या वाटेत तिच्यासाठी मागे सरकायला जागा पुरत नाही. मायक्रो फोर थर्ड्स या त्याहूनही लहान सेन्सरसाठी हा गुणक २ आहे. मोबाईलचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिमीच्या जवळपास असतो. तो वापरताना माणसाचा चेहरा चौकटीच्या मध्याजवळ ठेवावा आणि अल्ट्रावाइडचा, म्हणजे फार रुंद दृश्य घेणाऱ्या कॅमेऱ्याचा, मोह टाळावा.

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स असेल तर लगेच खर्च करू नये. आधी संगणकावर आपले जुने फोटो उघडून, प्रत्येकाच्या माहितीत नोंदलेली फोकल लेंथ पाहावी. आपला हात कोणत्या आकड्याकडे ओढतो ते कळते. मग झूमच्या कड्याला चिकटपट्टी लावून ती २४ मिमीवर बांधून टाकावी आणि एक पूर्ण दिवस तशीच वापरावी. दिवसअखेर अडचण 'जवळ जाता येत नव्हते' ही होती की 'उजेड पुरत नव्हता' ही, हे प्रामाणिकपणे लिहावे. अडचण उजेडाची असेल तरच मोठ्या छिद्राची प्राइम लेन्स घ्यावी.

उजेड

एफ ५.६ च्या मानाने एफ १.८ वर सुमारे दहापट प्रकाश आत येतो. कारखान्यात एफ २.८, एक शतांश सेकंद आणि आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची कॅमेऱ्याची पातळी) १६०० वर जे चित्र मिळते, त्याच चित्रासाठी एफ ५.६ वर आयएसओ ६४०० पर्यंत जावे लागते. दाणे दिसले तरी चालतील, हललेला हात मात्र बहुतेक वेळा चालत नाही. फ्लॅश टाळावा, ओल्या रंगावर त्याची चमक उमटते आणि बारीक काम करणाऱ्याचे लक्ष उडते.

शटरचा वेग ठरवताना दिव्यांकडे पाहावे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर फार वेगवान ठेवले तर चित्रात काळसर पट्टे येतात किंवा एकापाठोपाठच्या चित्रांचा रंग बदलतो. एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंद ठेवले की हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. आवाज नको म्हणून पुष्कळजण इलेक्ट्रॉनिक शटर चालू करतात, पण अशा दिव्यांखाली त्यानेच पट्टे अधिक उमटतात, तेव्हा मेकॅनिकल शटर वापरावे. कॉम्प्रेसरच्या घरघरीत ते कोणाला ऐकूही जात नाही. खिडकीचा निळसर उजेड आणि ट्यूबचा हिरवट उजेड एकत्र आला तर खिडकीजवळची एक ट्यूब बंद करण्याची विनंती करून पाहावी, आणि ते शक्य नसेल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या फाइलमध्ये, चित्रे घेऊन पांढरा रंग नंतर जुळवावा.

घासकामाची भुकटी आणि स्प्रेचे तुषार या दोन्हींपासून लेन्स जपावी. तेथे लेन्स बदलू नये, पुढे साधा फिल्टर लावावा आणि काच तोंडाने फुंकू नये. पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर पिशवी अर्धा तास बंदच ठेवावी, नाहीतर दमट हवेत काचेवर वाफ धरते. घरी आल्यावर सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात सामान ठेवावे, कारण कोकणच्या हवेत लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

चित्रे घेताना

छायाचित्रकथा हा प्रकार १९३६ पासून निघालेल्या अमेरिकेतील 'लाइफ' या सचित्र साप्ताहिकाने लोकप्रिय केला. जागेचे दूरदृश्य, कामाचे मध्यम दृश्य, जवळून घेतलेला तपशील, व्यक्तिचित्र, दोन माणसांमधील व्यवहार आणि कृतीचा क्रम अशा निरनिराळ्या जातीची चित्रे एका कथेत असावीत, ही त्या परंपरेची शिकवण आजही उपयोगी पडते. यादी पाठ करून ती पुरी करण्याच्या मागे मात्र लागू नये. दिवसअखेर आपल्याकडे कोणती जात मुळीच नाही, एवढे तपासण्यापुरतीच ती वापरावी. हौशी मंडळींकडे व्यक्तिचित्रे ढीगभर असतात आणि व्यवहाराचे चित्र एकही नसते. मूर्ती ठरवायला आलेले कुटुंब, किंमत सांगताना कारखानदाराचा चेहरा, पाटावर नावाची चिठ्ठी चिकटवणारा मुलगा, ही चित्रे आठवणीने घ्यावीत.

सर्वांत अधिक वेळ आखणीला द्यावा. कारागीर करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवून हात स्थिर करतो, बारीक कुंचला रंगात बुडवून त्याचे टोक वाटीच्या कडेवर निथळतो आणि मग श्वास रोखून पापणीची काळी रेघ एका दमात ओढतो. बुबुळ काढण्यापूर्वी तो क्षणभर मागे होऊन मूर्तीकडे समोरून पाहतो, दोन्ही डोळे एका रेषेत आहेत ना याची खात्री करतो. हे मागे होणे अंदाजाने ओळखता येते, आणि मला विचाराल तर रेघ ओढतानाच्या चित्रापेक्षा ते चित्र अधिक बोलते. यासाठी ३५ मिमीने बाजूने, मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, कारागिराचा चेहरा आणि मूर्तीचा चेहरा दोन्ही चौकटीत ठेवावेत. एका मीटरवर एफ २ ठेवल्यास स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढ्या अंतरातले स्पष्ट दिसते ते अंतर, जेमतेम दहा सेंटिमीटर मिळते, तेव्हा दोन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील अशी जागा शोधावी किंवा छिद्र एफ ४ पर्यंत लहान करावे. कुंचल्याचे टोक आणि बुबुळ एवढेच हवे असेल तेव्हा ८५ मिमी लावावी. तिने मीटरभरावरून एफ १.८ वर ही खोली दीड सेंटिमीटरच उरते, म्हणून तेथे एफ ४ च्या पुढेच राहावे. ८५ मिमीच्या काही लेन्स मीटरभराच्या आत फोकस होतच नाहीत, हे विकत घेण्यापूर्वी पाहून घ्यावे.

निवड आणि क्रम

त्याच रात्री निवड करू नये. आठवडाभराने सगळी चित्रे पाहून तीसेक वेगळी काढावीत, त्यांच्या पोस्टकार्डाएवढ्या स्वस्त छाप्या काढून जमिनीवर पसराव्यात आणि सुरुवातीचा प्रश्न वहीतून वाचून प्रत्येक छापीला विचारावा. जे चित्र सुंदर आहे पण त्या प्रश्नाशी ज्याचा संबंध नाही, ते बाजूला ठेवावे. येथे हात जड होतो, आणि म्हणूनच कारखान्यात कधी न गेलेल्या एखाद्या मित्राला शेजारी बसवावे. एकच गोष्ट सांगणारी दोन चित्रे असतील तर एकच राहील. शेवटी आठ ते दहा चित्रे पुष्कळ झाली.

क्रम लावताना माती, साचा, घासकाम, रंग, आखणी हा कामाचाच क्रम घेण्याची सवय असते. तो चुकीचा नाही, परंतु त्याने शाळेचा तक्ता तयार होतो. कापडाखाली झाकलेली, डोळे नसलेली मूर्ती पहिल्या चित्रात ठेवून पाहावी. वाचणारा डोळ्यांची वाट पाहू लागतो आणि मधली घासकामाची चित्रे त्याला कंटाळवाणी वाटत नाहीत. दूरच्या चित्रानंतर एकदम जवळचे, गजबजलेल्यानंतर मोकळे, अशी मापे बदलत जावीत. आखणीचे चित्र अगदी शेवटी टाकण्यापेक्षा शेवटून दुसरे किंवा तिसरे ठेवावे, म्हणजे मूर्ती डोक्यावरून टेम्पोकडे नेणाऱ्या माणसाला जागा उरते.

प्रत्येक चित्राखाली दोन-तीन ओळी पुरतात, आणि त्यात चित्रात न दिसणारे लिहावे. 'कारागीर मूर्ती रंगवत आहे' हे दिसतेच. मूर्ती शाडूची की प्लास्टरची, ती कोठे जाणार आणि हा माणूस दिवसाला किती मूर्तींची आखणी करतो, हे दिसत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनंतर मूर्तीच्या साहित्याबद्दल वाद वाढलेला असल्याने ती नोंद विशेष काळजीने करावी आणि अंदाजाने शाडू लिहू नये. माणसाचे नाव छापायचे असेल तर त्याला विचारून, त्यानेच सांगितलेल्या पद्धतीने लिहावे. मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात, आणि निवडलेल्या चित्रांच्या छाप्या ती इतरांना दाखवण्याआधी कारखान्यात नेऊन द्याव्यात, कारण एखाद्याला आपले चित्र नको असेल तर ते वगळायला तोपर्यंत वेळ असतो.