आधी टिन, मग टन: साठवणीच्या छोट्या खोलीसाठी एसी कसा निवडावा

दुकानात पहिला प्रश्न येतो, "खोली केवढी?" तुम्ही सांगता दहा बाय बारा, आणि समोरच्याचं बोट दीड टनावर जातं. झोपायच्या खोलीसाठी एवढा हिशेब चालून जातो. पण आत बियाण्याच्या पिशव्या किंवा औषधांचे खोके असतील, वर टिनपत्रे असतील आणि बाहेर नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू असेल, तर खोलीच्या मापापेक्षा तिच्या छताला जास्त किंमत आहे. म्हणून दुकानात जाण्याआधी घरीच थोडं काम करावं लागतं.

१. आत काय ठेवणार, ते आधी ठरवा

घरचं सोयाबीन बियाणं, दहा-पंधरा पोती, एवढाच माल असेल तर एसी घेऊच नका. ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणून, फळ्यांवर, एकावर एक चार-पाचच पोती रचून हवेशीर खोलीत ठेवलेलं सोयाबीन जूनपर्यंत टिकतं. त्याची उगवण बिघडते ती बहुतेक वेळा मळणीतल्या मारामुळे आणि पोती आपटल्यामुळे. त्यावर एसीचा इलाज नाही.

एसीची खरी गरज पडते ती कृषी सेवा केंद्राला, भाजीपाल्याचं महागडं बियाणं किंवा शिल्लक लॉट पुढच्या हंगामापर्यंत ठेवणाऱ्याला, आणि गावातल्या मेडिकलला. बियाण्यासाठी २२ ते २४ अंश आणि ५०-५५ टक्के आर्द्रता हे घरगुती एसीला जमण्यासारखं लक्ष्य आहे. बियाणेशास्त्रातला जुना ठोकताळा असा की तापमान ५ अंशांनी उतरलं की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि बियाण्यातला ओलावा फक्त १ टक्क्याने उतरला तरी तेवढंच होतं. म्हणजे थंडाव्याइतकाच, किंबहुना जास्तच, कोरडेपणा महत्त्वाचा. औषधांच्या खोक्यांवर "२५ अंशांखाली ठेवा" असं छापलेलं असतं, तेही एसीला जमतं. इन्सुलिन आणि लसींना २ ते ८ अंश लागतात. त्यांची जागा फ्रीजमध्ये.

संत्री आणि भाजीपाला हा वेगळा विषय. नागपुरी संत्र्याच्या साठवणुकीला ६-७ अंश आणि भरपूर दमट हवा लागते. घरगुती एसी रिमोटवर १६ च्या खाली जात नाही आणि हवा उलट कोरडी करतो. त्यासाठी कोल्ड रूमचंच यंत्र घ्यावं लागतं.

कीटकनाशकं आणि तणनाशकं या खोलीत नकोत. एसी तीच ती हवा फिरवत राहतो. काही तणनाशकांची वाफ बियाण्याची उगवण मारते, आणि आत काम करणाऱ्या माणसाच्या छातीत जाते ते वेगळंच. कापूस किंवा सरकीही नको. तिची लव चार दिवसांत फिल्टर बुजवते.

२. कूलरने भागेल का?

हा प्रश्न विदर्भात येणारच. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर २८ अंशांची हवा देतो. माणसाला झकास वाटतं. पण त्या हवेची आर्द्रता ७० टक्क्यांच्या घरात गेलेली असते, आणि बियाणं ती आठ-पंधरा दिवसांत पिऊन घेतं. उलट तीच बाहेरची कोरडी हवा बंद खोलीत नुसती २४ अंशांपर्यंत थंड केली, तर तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडची हवा एसीला आयती अनुकूल आहे.

३. टिन

१० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली घ्या. भिंती ९ इंची विटांच्या, वर टिन, आत २४ अंश ठेवायचे, बाहेर ४४. हा हिशेब अंदाजी आहे, पण निर्णय घ्यायला पुरतो.

भर दुपारी टिन ६५ अंशांच्या पुढे तापतं. १२० चौरस फुटांच्या उघड्या टिनातून सुमारे २६०० वॅट उष्णता आत येते. चार भिंतींतून सुमारे १७००. दाराची उघडझाप, दिवा, आत वावरणारं माणूस, सगळं मिळून ३०० धरा. झाले ४६०० वॅट.

आता त्याच टिनाखाली ५० मिलिमीटर जाडीच्या थर्मोकोलचं छत घाला, मध्ये चार-सहा इंच मोकळी जागा सोडून. छताची उष्णता २६०० वरून २७० च्या आसपास येते आणि एकूण बेरीज २३०० वर. निम्मी.

त्यात नवीन आलेल्या मालाची उष्णता मिळवा. ट्रकमधून ४० अंशांना उतरलेलं २० क्विंटल बियाणं २५ अंशांवर आणायला सुमारे १५ युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता काढावी लागते. एका दिवसात काढायची तर ६०० वॅटचा सततचा बोजा. माल पहाटे उतरवला तर यातला बराच भाग वाचतो.

शेवटची गोष्ट म्हणजे एसीची क्षमता ३५ अंश बाहेरच्या तापमानावर मोजलेली असते. ४५ अंशांत ती १०-१५ टक्क्यांनी घटलेली धरा. मग मालाचे ६०० आणि ही घट धरून उघड्या टिनाच्या खोलीला ६१०० वॅट, म्हणजे पावणेदोन ते दोन टन लागतात. थर्मोकोल लावलेल्या खोलीला ३४०० वॅट, म्हणजे एक टन. एका टनाच्या फरकात थर्मोकोलचं काम बहुतेक वेळा निघून जातं, आणि विजेची बचत दरवर्षीची.

थर्मोकोल घेताना आग लवकर न पकडणारी जात मागा, जोडांवर टेप मारा आणि त्यातून उघडी वायर नेऊ नका. पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) परवडत असेल तर ते अधिक चांगलं. वरून टिनाला पांढरा उष्णतारोधक रंग दिला तर आणखी फरक पडतो.

कवेलूच्या (कौलांच्या) छताला फटी इतक्या असतात की खाली घट्ट छत केल्याशिवाय एसीचा विचारच करू नये. स्लॅब टिनापेक्षा कमी तापतो, पण दिवसभर साठवलेली उष्णता संध्याकाळी आत सोडतो, आणि गावात व्होल्टेज पडतं तेही नेमकं त्याच वेळी. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा. खिडकी असेल तर आतून वीट-प्लास्टर करून बुजवा. साठवणीच्या खोलीला खिडकीचा उपयोग नाही.

४. टन नको, वॅट वाचा

एक टन म्हणजे ३५१७ वॅट. पण बाजारात "एक टन" म्हणून ३२०० चंही यंत्र मिळतं आणि ३६०० चंही. लेबलवर पूर्ण क्षमतेचा आकडा वॅटमध्ये दिलेला असतो, तो तुमच्या बेरजेशी ताडून पाहा. ५० अंशांच्या पुढे चालणारं मॉडेल आहे का, तेही माहितीपत्रकात बघा. नसेल तर दुपारी दोनच्या सुमारास बाहेरच्या युनिटचा दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर ट्रिप होतो.

स्टार लेबलवरचे वार्षिक युनिट १६०० तासांसाठी आणि २४ ते ४३ अंश बाहेरच्या तापमानासाठी काढलेले असतात. मार्च ते जून रोज २४ तास यंत्र चालू ठेवलं, तर तास २९०० च्या वर जातात. लेबलवरचा आकडा निदान १.८ ने गुणा, आणि ४५ अंशांचे दिवस त्यात धरलेलेच नाहीत हेही ध्यानात घ्या. म्हणून साठवणीच्या खोलीला ५ स्टारचे जादा पैसे घरापेक्षा लवकर वसूल होतात. मात्र लेबल कोणत्या काळातलं ते पाहा. जुलै २०२२ मध्ये स्टार देण्याचं कोष्टक कडक झालं, तेव्हा आधीचे ५ स्टार बहुतेक ४ वर आले. गोदामात पडून राहिलेला जुना माल स्वस्तात मिळतो तो अशाच कारणाने.

गरजेपेक्षा मोठा एसी घेऊ नका. तो खोली झटकन थंड करून थांबतो, कॉइलवर (आतल्या गार नळ्यांवर) पाणी धरायला वेळच मिळत नाही, आणि खोली थंड पण दमट राहते.

५. विंडो की स्प्लिट?

दिवसरात्र चालवायचं असेल तर इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) स्प्लिट. भिंतीला तीन इंचांचं एक भोक पुरतं आणि वीज कमी लागते. मात्र त्यात नाजूक सर्किटची पाटी असते. बाहेरच्या युनिटमध्ये पाल शिरून ती पाटी जळणं हा खेड्यातला नेहमीचा बिघाड. तालुक्याला त्या कंपनीचा मेकॅनिक येतो का, हे घेण्याआधी विचारा. येत नसेल तर साधा विंडो एसी बरा. गावातला माणूस तो दुरुस्त करतो आणि पाइपाचे जोड गळण्याची भानगड नसते. फक्त चौकटीभोवतीच्या फटी सिमेंटने नीट भरा, नाहीतर उंदरांना दरवाजा उघडून दिल्यासारखं होतं.

दोन्हींत कंडेन्सर (बाहेर उष्णता सोडणाऱ्या नळ्या) तांब्याचा घ्या. आणि एक सोय असल्याशिवाय पैसे देऊ नका: ऑटो रिस्टार्ट. वीज गेली आणि आली की एसी पूर्वीच्याच तापमानावर आपोआप सुरू झाला पाहिजे. रात्री कुलूपबंद खोलीत रिमोट दाबायला कोण बसलंय? दुकानातच चालू एसीचा मेन बंद करून परत लावा आणि पाच मिनिटं थांबून बघा. कॉम्प्रेसर तीन-एक मिनिटं उशिरा लागतो, तो दोष नव्हे.

६. वीज

संध्याकाळी ७ ते १० दरम्यान तीन दिवस खोलीतल्या बोर्डावर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. "स्टॅबिलायझर फ्री" याचा अर्थ लेबलवरच्या मर्यादेत, उदाहरणार्थ १४५ ते २८५ व्होल्टमध्ये, यंत्र चालतं. त्याखाली ते स्वतःला वाचवायला बंद पडतं. ते चालूच राहील असं कोणी म्हटलेलं नाही. तुमच्याकडे १६० च्या खाली जात असेल तर १३० व्होल्टपासून चालणारा ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा.

मीटरपासून खोलीपर्यंत वेगळी ४ एमएम तांब्याची वायर ओढा, २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) बसवा आणि स्वतंत्र अर्थिंग घ्या. पंख्याच्या बोर्डावरून जोडणी घेतली की प्लग काळा पडतो, मग वितळतो. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते पाहा, कमी असेल तर वाढवून घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर एसी चालवणं नियमात बसत नाही.

७. बसवताना उभे राहा

बाहेरचं युनिट उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, मागे एक फूट आणि पुढे निदान तीन फूट मोकळं. पश्चिमेची भिंत आणि टिनाचं छप्पर या दोन जागा टाळा. वर सावली करा, पण युनिटला चिकटून जाळी बांधू नका. त्याला श्वास घ्यायला जागा लागते.

पाइप जोडल्यावर मेकॅनिकने व्हॅक्यूम पंप लावून १५-२० मिनिटं आतली हवा ओढली पाहिजे. बरेच जण थोडा गॅस सोडून हवा "ढकलून" देतात. आत ओल राहते आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर कुरकुरतो. पंप आणला नसेल तर काम थांबवा. नट आवळल्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहा. पाइपाच्या भोकातली उरलेली जागा सिमेंटने बुजवा. नुसत्या फोमला उंदीर जुमानत नाही.

पोती भिंतीपासून एक फूट आणि जमिनीपासून सहा इंच वर ठेवा. आतल्या युनिटखाली काही रचू नका. निचऱ्याची नळी तुंबली की पाणी तिथेच टपकतं.

८. मृगानंतर

बाहेर २८ अंश आणि ८५-९० टक्के आर्द्रता झाली की एसीचं काम बदलतं. खोली थंडच असते, कॉम्प्रेसर जेमतेम चालतो, आर्द्रता चढते. इन्व्हर्टरमध्ये हे जास्त होतं, कारण तो हळू चालतो आणि कॉइल पुरेशी गार होत नाही. ड्राय मोडने थोडं भागतं. महागडं बियाणं पावसाळाभर ठेवायचं असेल तर वेगळा लहान डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) घ्यावा लागतो. तापमान २६-२७ वर नेऊन ठेवा. २२ अंशांच्या खोलीतलं पाकीट जुलैच्या हवेत आणलं की त्यावर दव धरतं. तसं आणावंच लागलं, तर बंद खोक्यातच तासभर बाहेर राहू द्या आणि मग उघडा.

तापमान-आर्द्रतेचा छोटा मीटर मधल्या थप्पीच्या उंचीवर टांगा, एसीच्या झोतात नको. पहिला आठवडा दुपारी ३ आणि रात्री ९ चे आकडे लिहून ठेवा. दुपारीच चढत असतील तर छताची फट शोधा. रात्री चढत असतील तर स्लॅबचा किंवा व्होल्टेजचा दोष आहे. तापमान ठीक आणि आर्द्रताच ६५ च्या वर असेल, तर दाराची पट्टी तपासा. फिल्टर एरवी महिन्यातून एकदा धुतला तरी चालतो. मळणीच्या दिवसांत मात्र दर आठवड्याला.