जुन्या कंप्युटरवर लिनक्स टाकताय? आधी फॉन्ट बघा

२०२५च्या दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबरला, विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले. त्यानंतर पारोळ्याकडचे एक आप्पा सीपीयू गोणपाटात गुंडाळून एसटीने माझ्या दुकानात घेऊन आले. ‘ताई, हाऊ डबा आते फेकनाच पडी का?’ डबा धडधाकट होता. आय-थ्री ६१००, चार जीबी रॅम, आत बोटभर धूळ आणि एक वाळलेली पाल. विंडोज ११ त्याला घेत नव्हतं, एवढंच.

तुमचं मशीन घेईल का, हे स्टिकरवरच कळतं. चार आकडी नंबर असेल तर त्यातला पहिला आकडा म्हणजे इंटेलची पिढी. विंडोज ११ला साधारण आठवी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. आप्पांची पिढी सहावी. मी त्यांना विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं, त्यातली मिंट नावाची आवृत्ती. तेच इथे सांगते. अमळनेरला माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, इंजिनियर वगैरे मी नाही.

लगेच पेनड्राइव्ह शोधू नका. आठ दिवस कंप्युटरशेजारी वही ठेवा आणि जे उघडाल ते लिहा. आप्पांच्या वहीत निघालं काय? ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप, खताच्या स्टॉकची एक्सेल, बँकेला पत्रं आणि टॅली. पहिल्या चारांना विंडोजची काहीच गरज नाही. आपल्याकडे एमएस-सीआयटी करताना कंप्युटर म्हणजेच विंडोज असं डोक्यात बसलं, माझ्याही बसलं होतं. विंडोज वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझं अर्धं आयुष्य त्यावर गेलंय. पण आपण त्याला धरून आहोत ते आवडीपेक्षा अडकल्यामुळे जास्त. आणि मराठी माणूस सगळ्यात आधी अडकतो तो फॉन्टात.

आप्पांचं २०१२चं एक पत्र मी लिनक्सवर उघडलं तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. त्यांना वाटलं, व्हायरस. व्हायरस नव्हता. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘कमल’ टाइप केलं तर फाइलच्या पोटात डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा उतरला. युनिकोड या नव्या पद्धतीत ‘क’ला ‘क’ म्हणूनच स्वतःची जागा आहे, म्हणून ते मोबाइलपासून लिनक्सपर्यंत कुठेही तसंच दिसतं.

तेव्हा विंडोज चालू असतानाच दोन ढीग करा. जी पत्रं, पत्रिका नुसत्या छापायच्या, त्यांची पीडीएफ करून मोकळे व्हा. ज्यात पुढे बदल करायचाय, त्यांचा मजकूर फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, आणि मग डोळ्यात तेल घालून वाचा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, हंगामातली एक लग्नपत्रिका मी न वाचता सोडली होती, तिच्यातल्या ‘आशीर्वाद’चं काय झालं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोनशे पत्रिका माझ्या खर्चाने पुन्हा छापल्या.

आता बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, टॅलीचा डेटा, सगळं बाहेरच्या डिस्कवर. कॉपी झाली म्हणून थांबू नका, दुसऱ्या मशीनवर चार फाइली उघडून बघा.

मग मिंटच्या साइटवरून एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. फाइल तीन जीबीच्या आसपास, पेनड्राइव्ह आठ जीबीचा पुरे. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर लिहावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्ह पुसला जातो. मशीन चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीगणिक बटण वेगळं) दाबून पेनड्राइव्ह निवडा.

इथे घाई नको. मिंट हार्डडिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालतं. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर. माझ्या दुकानातला जुना लेझर प्रिंटर दोन दिवस झटूनही लिनक्सवर चालला नाही, शेवटी तो विंडोजच्या मशीनलाच राहिला. पटलं तरच इन्स्टॉल करा. विंडोज शेजारी ठेवायचं तर त्यातलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ‘इरेज डिस्क’ सगळी डिस्क पुसतं, त्याला बॅकअप तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. खिशात थोडे पैसे असतील तर हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, घाला, कामाचा वेग खरा तिथे वाढतो.

मराठीसाठी सेटिंगमधल्या कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी जोडा, इनस्क्रिप्ट ही मराठी टाइपिंगची मांडणी मिळते. ‘क’ इंग्रजी केच्या बटणावरच, ळ शिफ्ट-एनवर, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. मला दीड आठवडा लागला. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, हात बसलेल्यांना मात्र त्रास होतो, खोटं कशाला सांगू. लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरचं वर्ड-एक्सेल म्हणा) पत्राची फाइल वर्डच्या डॉक्सएक्स प्रकारातच साठवली जाईल असं ठरवून ठेवा, नाहीतर बँकेतला साहेब ‘उघडत नाही’ म्हणून परत पाठवेल.

आणि जे जमत नाही ते जमत नाही. टॅली, कोरलड्रॉ, पेजमेकर, अंगठ्याचं मशीन, टेंडरच्या सहीचा डोंगल यांच्यासाठी एक विंडोज ठेवावंच लागतं. पत्रिकांचं काम मीही अजून विंडोजवरच करते. आप्पांची टॅली मुलाच्या लॅपटॉपवर गेली.

एक राहिलं. मिंट अपडेटला पासवर्ड मागतं, आणि लिनक्समध्ये पासवर्ड टाइप करताना कधीकधी काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. आप्पांचा पहिल्याच आठवड्यात तीनदा फोन, ‘ताई, कीबोर्ड मेला.’ मेला नव्हता. पासवर्ड मी चिठ्ठीवर लिहून त्यांच्या गल्ल्यात ठेवायला दिलाय, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात: दिसत नसला तरी उमटतो, एंटर मारा.