मोठ्या आतड्यातला पॉलिप काढण्याआधी या चुका टाळा

"डॉक्टर, तुकडा तपासलाय, कॅन्सर नाही," असं म्हणत पेशंट फाइल पुढे करतात. त्यांचा जीव भांड्यात पडलेला असतो, माझा नाही. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची वाढ, 2 सेंटिमीटरहून मोठा आणि चपटा असेल, तर काढण्याआधी त्याचे तुकडे घेणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. दोन-चार तुकड्यांवरून अख्ख्या पॉलिपचा निवाडा होत नाही. शिवाय जखम भरताना तिथे व्रण धरतो. पॉलिप काढताना त्याच्याखाली निळा रंग मिसळलेलं सलाइन टोचतात, तेव्हा तो पुरीसारखा टम्म फुगून वर यायला हवा. व्रण असेल तर कडा फुगतात, मधला भाग खाली चिकटून बसतो. मग तो कॅन्सरमुळे चिकटलाय की आधी चिमट्याने तुकडा घेतल्यामुळे, हे सांगणं अवघड होतं. पॉलिपची जागा पुन्हा सापडावी म्हणून टोचायची खुणेची काळी शाई थेट त्याच्याखाली टोचली तरी हेच होतं. ती किमान 3 सेंटिमीटर दूर हवी.

मग ओळखायचं कसं? नीट बघून. आधी चिकट स्राव धुवून काढायचा. देठ आहे, बसका आहे, चपटा आहे की मधे खळगा पडलाय, हे 2002 साली पॅरिसमध्ये ठरलेल्या वर्गीकरणाप्रमाणे नोंदवायचं. खळगा दिसला तर घाई नको. मग दुर्बिणीवरचं एनबीआयचं (खास प्रकाशात बघायच्या सोयीचं) बटण दाबायचं. त्या निळ्या-हिरव्या प्रकाशात रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. जाळी नेटकी असेल तर बहुधा दुर्बिणीतूनच पॉलिप काढून काम भागतं. वाहिन्या तुटक, विस्कटलेल्या आणि मधेच गायब असतील तर कॅन्सर खोल उतरल्याची शंका घ्यायची. अस्तराखालच्या थरात तो 1 मिलिमीटरपलीकडे गेला की लसिका गाठींत पसरण्याचा धोका वाढतो, आणि तेव्हा बहुतेकदा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

आकार नुसत्या अंदाजाने लिहू नये; पॉलिप कापायचा तारेचा फासा उघडून शेजारी धरला की माप कळतं.

पेशंटनी पोट साफ करायचं औषध अर्धवट सोडू नये, मळाखाली चपटा पॉलिप सहज लपतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आणि दुसरीकडे पाठवलं तर नुसता कागद नको, आतले फोटो किंवा व्हिडिओही मागून न्या.