नागपुरात घर घेतलंत? फायबर लावताना आधी आकडा विचारा

मिहान, एम्स किंवा बदलीच्या निमित्ताने पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून नागपुरात आलेली मंडळी बेसा, बेलतरोडी, मनीषनगर, हुडकेश्वर या बाजूला घर घेतात आणि सामान लागायच्या आत फायबर इंटरनेटचं बुकिंग करतात. घाईचं कारण समजतं, दुसऱ्या दिवशीपासून घरूनच काम असतं. पण या घाईत बहुतेकांच्या हातून एक महागडी चूक होते. लाईन जोडून झाली, मोबाइलवर स्पीड पूर्ण दिसला, की बारा महिन्यांचे पैसे एकरकमी भरून टाकतात. सवलत चांगली असते, दोन-तीन महिने जास्तीचे मिळतात. मग उन्हाळ्यात लाईन दिवसातून चार वेळा तुटायला लागते आणि पैसे तर अडकलेले असतात.

पहिल्या दिवशीच्या स्पीडवरून लाईन कशी आहे ते कळत नाही. घरोघरी दिली जाणारी फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीची असते, म्हणजे एकाच तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणारी. त्यात प्रकाश भरपूर पोचत असला काय किंवा जेमतेम पोचत असला काय, स्पीड सारखाच दिसतो. प्रकाश ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की लाईन एकदम बंद. म्हणून स्पीडच्या आधी विचारायचा तो प्रकाशाचा आकडा, म्हणजे डीबीएम. मायनसपुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. घरातल्या डब्याला, ज्याला कंपनीचे लोक ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात, साधारण मायनस २७ पर्यंत प्रकाश वाचता येतो. त्याच्या खाली खात्री नाही.

हिशोब असा. एक्स्चेंजकडून प्रकाश सुमारे प्लस ३ डीबीएमने निघतो. वाटेत स्प्लिटर लागतात. एका तारेचे आठ भाग करणारा स्प्लिटर १० डीबीच्या (डीबी म्हणजे प्रकाशातल्या घटीचं माप) आसपास खातो, आणि असे दोन एकामागे एक लागले तर ६४ घरांत वाटणी होऊन २० ते २१ डीबी जातात. पाच किलोमीटर तारेचे पावणेदोन डीबी धरा, जोड आणि कनेक्टरचे दीड. म्हणजे नीट ओढलेल्या लाईनवर घरात मायनस २१ च्या जवळपास यायला हवं. मायनस १८ ते २३ असेल तर लाईन उत्तम. मायनस २५ असेल तर जोड पुन्हा करून मागा. मायनस २६-२७ वर लाईन चालू दिसली तरी लाईनमनला 'काम झालं' म्हणू देऊ नका. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, हे ध्यानात असलं की एका वाकड्या जोडाची किंमत कळते.

आकडा बघायचे दोन मार्ग. लाईनमनकडे हातात मावेल एवढा पॉवर मीटर असतो. घरात आलेल्या केबलच्या टोकाची हिरवी पिन त्यात लावायला सांगा, मीटर १४९० नॅनोमीटरवर ठेवायला सांगा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. मीटर नसेल तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून ओएनटीच्या पानावर 'आरएक्स पॉवर' ही ओळ बघा. काही कंपन्यांच्या डब्याचा पत्ता वेगळा असतो, तो डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. माणूस दारातून बाहेर पडण्याआधी हे करा. नंतर फोनवर मागितलेला आकडा मिळत नाही. आणि सुरुवातीला मासिकच भरा, एक मे महिना आणि एक पावसाळा निघाला की मगच वर्षाचं बघा. सवलत तेव्हाही मिळते.

उन्हाळ्याचा एवढा बाऊ का, ते सांगतो. घराच्या टोकाला तार जोडायच्या दोन पद्धती आहेत. एक स्प्लायसिंग, म्हणजे मशीनने काच वितळवून सांधणं. त्यात ०.१ डीबीही जात नाही. दुसरी फास्ट कनेक्टर, म्हणजे तार कापून प्लास्टिकच्या चापात दाबून बसवणं. दोन मिनिटांत होतं, म्हणून सगळीकडे तेच करतात. बाहेर भिंतीवर ४५ अंशांत तापलेल्या केबलचं वरचं आवरण ताणतं-आकसतं, आतली केसाएवढी काच चापातून किंचित मागे सरकते आणि मायनस २५ ची लाईन मायनस २८ होते. दुपारी बंद, रात्री चालू, असा प्रकार दिसला तर आधी हाच जोड तपासा. बुकिंग करतानाच विचारा, 'भाऊ, स्प्लायसिंग मशीन आणाल का?' वेगळे पैसे मागितले तर द्या.

कंपनी कोणती घ्यावी, हा प्रश्न आपल्याकडचे लोक व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतात. तिथे उत्तर देणारा त्रिमूर्तीनगरात राहतो आणि विचारणारा पिपळ्यात. उपयोग शून्य. नागपुरात एकाच कंपनीची लाईन एका ले-आउटमध्ये उत्तम आणि रस्ता ओलांडला की वाईट असते, कारण सगळं खांबावरच्या डब्यावर आणि त्या भागाच्या लाईनमनवर चालतं. शेजारच्या तीन घरी जाऊन विचारा. कोणाची लाईन, मागच्या पावसाळ्यात किती दिवस बंद होती, बंद पडल्यावर कोण आलं. नागपूरकर शेजारी चहा पाजून सगळं सांगतील आणि लाईनमनचा नंबरही देतील. हा नंबर मोलाचा आहे. पुण्याकडून आलेल्यांची सवय ॲपवर तक्रार टाकून वाट बघायची. तक्रार टाकाच, पण त्याबरोबर लाईनमन भाऊंना फोनही करा. इथला माणूस 'येतो ना भाऊ' म्हणतो तेव्हा वेळ ठरलेली नसते, पण ओळख असली तर रात्री नऊलाही शिडी घेऊन येतो. त्याच्याशी घासाघीस आणि चढा आवाज, दोन्ही टाळा.

लहान ऑपरेटरकडून लाईन घेत असाल तर घरात नेमकी कोणती केबल येणार ते बघा. काही ठिकाणी फायबर फक्त कॉलनीपर्यंत असते. तिथे कुणाच्या तरी गच्चीवर स्विच ठेवतात आणि पुढे साधी लॅन केबल येते. तेही फायबर म्हणूनच विकलं जातं. त्या गच्चीची वीज गेली की तुमचं नेट गेलं, आणि पावसाळ्यात विजेच्या धक्क्याने स्विच आणि तुमचं राऊटर दोन्ही जळू शकतं. घरात येणाऱ्या केबलच्या टोकाला हिरवी चौकोनी पिन, एससी-एपीसी, असेल तर खरी फायबर. कंपनीच्या आणि तुमच्या दोन्ही टोकांचा रंग सारखा हवा. हिरव्यात निळी पिन बसते, पण हिरवीचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे प्रकाशाचा मोठा भाग वाया जातो.

आता केबल घरात आणायचा मार्ग. बांधकाम चालू असेल तर बिल्डरकडून बाहेरच्या भिंतीपासून हॉलपर्यंत २५ मिलिमीटरचा वेगळा पाईप टाकून घ्या आणि केबल ओढायला आत एक तार घालून ठेवायला सांगा. वळणावर एल्बो नको, लांब बेंड हवा. विजेच्या पाईपमधूनच केबल घालू असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. फायबरला विजेचा त्रास नसतो, पण पुढे इलेक्ट्रिशियन वायर ओढतो तेव्हा केबल चिरडते. तयार घरात भोक पाडायचं असेल तर आतून बाहेर, बाहेरच्या बाजूला उतार देऊन पाडा. केबल आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, आणि भोक सिलिकॉनने बुजवा. आत दोन-तीन मीटर जास्तीची केबल मागा आणि तिचं वेटोळं चहाच्या बशीपेक्षा लहान करू नका. नवीन तारा लहान वळण सोसतात, पण लाईनमनच्या बॅगेत कोणती तार आहे ते तुम्हाला दिसत नाही. खिळ्याची क्लिप केबलला चेपणार नाही इतकीच ठोकायची.

खांबावरून येणारी केबल गच्चीपर्यंत ताणलेली हवी, लोंबती नको. संक्रांतीच्या आसपास नागपूरचं आकाश पतंगांनी भरतं, पतंग केबलला अडकतो आणि मुलं मांजा ओढतात. मांजाने वरचं आवरण कापलं जातं आणि पहिल्या पावसात पाणी आत जातं. जानेवारी संपला की गच्चीवर जाऊन केबलवरून एकदा नजर फिरवा. या केबलला आधारासाठी बाजूने पोलादी तार असते. ती खिडकीच्या ग्रिलला गुंडाळलेली बरेचदा दिसते, ते चुकीचं. काच वीज वाहत नाही, पण पोलादी तार वाहते. ती बाहेर भिंतीत ठोकलेल्या स्वतंत्र हुकावरच संपवायची आणि पुढे घरात नुसती केबल घ्यायची.

ओएनटी कुठे ठेवायचा यावर लाईनमनचं उत्तर ठरलेलं, केबल जिथून आत आली तिथेच. तिथे बहुधा खिडकी असते आणि मार्चपासून त्याच खिडकीत कूलर बसतो. कूलरचा ओला वारा थेट अडॅप्टरवर येतो आणि पाण्याची टाकी वायफाय अडवते. बहुतेक डबे ४० अंशांपर्यंत चालतील असे बनवलेले असतात, म्हणून बंद टीव्ही युनिट आणि वरच्या मजल्यावरचं लोखंडी कपाट दोन्ही नको. घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, कूलरपासून दोन मीटर दूर. दोन मजली घर असेल तर स्लॅबमधून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वर नीट पोचत नाही. एक कॅट-६ लॅन केबल वर नेऊन तिथे दुसरं राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर लावा. शुद्ध तांब्याचीच घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते आणि लांब अंतरावर दगा देते. लॅनवर स्पीड १०० एमबीपीएसच्या वर जातच नसेल तर केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या असण्याची शक्यता मोठी, किंवा डब्याचं पोर्टच १०० चं आहे. ३०० चा प्लॅन घेऊन शंभरच वापरणारी घरं कमी नाहीत.

वीज गेल्यावर नेट चालू राहायला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. अडॅप्टरवरचे अँपिअर बघून घ्या. ८८०० एमएएच लिहिलेला, १० वॅटच्या डब्यावर अडीच तासांच्या आसपास चालतो.

लाईन बंद पडली की आधी ओएनटीवरचे दिवे बघा. एलओएस लाल असेल तर प्रकाश येत नाही. शेजाऱ्यांचाही लाल असेल तर सिमेंट रस्त्याच्या किंवा पाईपलाईनच्या खोदकामात मोठी केबल तुटली आहे, मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि धीर धरा. तुमचाच लाल असेल तर बिघाड खांबापासून घरापर्यंत कुठेतरी आहे, डक्टमध्ये उंदरांनी कुरतडलेलं आधी बघा. पीओएन हिरवा स्थिर असून नेट नसेल तर तार ठीक आहे, बिल किंवा कंपनीकडची अडचण असते. हिरवी पिन काढून तिच्या टोकाला बोट लावू नका, डोळ्यासमोर धरू नका, त्यातला लेसर दिसत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर दर वेळी लिहून घ्या. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार तो द्यावाच लागतो, आणि काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

जाहिरातीतल्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरा. कॅमेरे बाहेरून थेट बघायचे असतील तर स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, मिळेल का ते बुकिंगच्या आधीच विचारा. केवायसीला आधार चालतं.

ओएनटी बहुधा कंपनीचा असतो आणि बरेचदा अनामत भरलेली असते. घर बदलताना किंवा लाईन बंद करताना डबा नुसता लाईनमनच्या हातात देऊ नका. त्यावरचा सिरियल नंबर घातलेली पावती घ्या, अनामत त्याच पावतीवर परत मिळते.